तीनवरचा पंखा

सर कुठेही गेले की आधी पंख्याचा रेग्युलेटर शोधायचे. माणसांना नमस्कार नंतर. तेव्हाचे ते काळे, ओबडधोबड डबे असायचे, भिंतीवर बसवलेले, कटकट वाजत एकापासून पाचापर्यंत फिरणारे. सर त्याचं बटण तीनवर आणायचे आणि मग निवांत खुर्चीत बसायचे. संचालकांच्या खोलीत मीटिंग रंगात आलेली असताना ते यासाठी उठले आहेत, तेही दोनदा. माझ्या लग्नात, मुलुंडच्या हॉलमध्ये, ऐन मंगलाष्टकांत त्यांनी दोन्ही बाजूंचे पंखे पाचावरून तीनवर आणले. माझ्या सासरच्या एका काकांनी नंतर विचारलं, "तो भिंतीशी खुडबुड करणारा माणूस तुमच्याकडचा का?"

"हो. आमचे सर."

"मोठे विद्वान असतील, पण घामाने वाट लावली आमची."

विद्वान ते होतेच. मुलुंडला आग्रा रोडच्या कडेला एका औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं, तिथे सर मेंदूच्या आजारांवरच्या औषधांचे रेणू रचायचे. मी त्यांच्या हाताखाली. त्यांनी रचलेला रेणू केमिस्ट लोक बनवायचे, त्याची चिमूटभर पांढरी भुकटी माझ्याकडे यायची आणि मी ती उंदरांना देऊन काय होतं ते वहीत लिहायचे. नुकतीच एम.एस्सी. झालेली, घाटकोपरच्या भटवाडीत राहणारी, वडील गिरणीच्या संपात घरी बसलेले. नोकरी लागली तेव्हा आईने अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. मुलगी दिवसभर उंदीर पकडते हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं होतं, "रिसेप्टर म्हणजे काय, सांग."

मी कॉलेजात घोकलेलं म्हणून दाखवलं. पेशीवर कुलूप असतं, औषध म्हणजे किल्ली, वगैरे.

"कुलूप विसर," सर म्हणाले आणि भिंतीकडे बोट केलं. "रेग्युलेटर म्हण. माणसाला नको ते आवाज ऐकू येतात तेव्हा डोक्यात कुठेतरी पंखा पाचावर गेलेला असतो. आजची औषधं काय करतात? मेन स्विच काढतात. चोर पळतो गं, पण घरातली माणसंपण काळोखात बसतात. हात कापतात, चेहरा लाकडासारखा होतो, माणूस चालतो तो पाय ओढत. मला मेन स्विच नकोय. मला असा रेणू पाहिजे जो पाचावर असलेल्याला तीनवर आणेल, एकावर असेल त्याला तीनवर नेईल, आणि कितीही दे, तीन सोडणार नाही."

हे मी पुढे वीस वेळा तरी ऐकलं. नवा माणूस आला की ऐकवायचे. कॅन्टीनवाल्यालाही ऐकवलेलं होतं. पाठ होतं मला ते, अगदी 'चोर पळतो गं'सकट. पाठ असणं आणि कळणं यांत काय अंतर असतं, ते सांगायलाच मी हे लिहिते आहे.

सरांचा दुसरा नेम पेन्सिलीचा. आमच्या लॅबमध्ये खोडरबर नव्हता. एकही नाही. कुणी आणला तर सर तो उचलून खिडकीबाहेर टाकायचे, खाली कर्दळीत दहाबारा तरी पडलेले असतील. नियम असा, की लिहिलेलं रीडिंग खोडायचं नाही. चुकीचं वाटलं तर त्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढायचं आणि शेजारी लिहायचं, 'विचारा'.

"कुणाला विचारायचं, सर?"

"आधी उंदराला विचार. त्याला कुठे माहीत असतं काय बरोबर यायला हवं होतं ते? त्यामुळे तो खोटं बोलत नाही."

सर मरोळच्या गावठाणातले जुने ख्रिस्ती. गल्लीच्या वळणावर क्रूस, त्याच्या मागे लाकडी गॅलरीचं घर, घरात ते आणि धाकटा भाऊ, दोघंच. पवईच्या तळ्याकाठून येणाऱ्या बसने यायचे आणि मांडीवर बहुतेक वेळा रेणू असायचा. म्हणजे त्याचा सांगाडा. सायकलच्या तारा आणि रंगीत मणी यांचा त्यांनी स्वतः बनवलेला. एकदा कंडक्टरने विचारलं, "साहेब, हे देवाचं आहे काय?" सर म्हणाले, "नाही, डोक्याचं." कंडक्टरने शेजारच्या बाईला दुसऱ्या सीटवर जायला सांगितलं. हा किस्सा सर स्वतः सांगायचे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. हसताना तोंडावर हात धरायचे, कारण दात गेलेले. डब्यातला पाव चहात बुडवून खायचे. कडक काही म्हणून चालायचं नाही, शेंगदाणासुद्धा नाही.

धाकट्या भावाची ओळख मला भलत्याच रीतीने झाली. उंदरांच्या पिंजऱ्यांवर तांबड्या रंगात आकडे रंगवलेले होते, सगळे वेडेवाकडे. आठ तर असा, की दोन शून्यं एकमेकांवर पडायच्या बेतात. माझ्या जिभेला हाड नाही. दुसऱ्याच दिवशी मी मोठ्याने म्हटलं, "हे कुणी काढलेत? बालवाडीतल्या पोराने?"

"माझ्या धाकट्या भावाने," सर म्हणाले. रागावले नाहीत. "मरोळ नाक्यापासून अंधेरी स्टेशनपर्यंत निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या आहेत. बघ जाऊन कधी. आधीच्या आहेत त्या."

आधीच्या म्हणजे गोळ्या सुरू व्हायच्या आधीच्या. मी खरंच बघून आले. एका शिंप्याची पाटी होती, एका डॉक्टरची, एका सोडावॉटरवाल्याची. अक्षरं अशी, की वाचावंसं वाटण्याआधी हात फिरवावासा वाटावा. त्या माणसाला पंचविशीत आवाज ऐकू यायला लागले. गोळ्यांनी आवाज थांबले आणि त्यांच्याबरोबर हातही गेला. कुणीही काम देईना, तेव्हा सरांनी त्याला पिंजऱ्यांचे आकडे रंगवायला दिले. मला फार लाज वाटली, आणि मी ठरवलं की या माणसासाठी जीव तोडून काम करायचं. तसं मी केलंही. माझी वही सगळ्या केंद्रात स्वच्छ म्हणून नावाजली गेली.

आता त्या वहीचं सांगते.

वहीच्या प्रत्येक पानाखाली कार्बन घालायचा असे. वरची प्रत शनिवारी संचालकांकडे, खालची सरांच्या टेबलावर. संचालकांनी एकदा माझी वही सगळ्यांसमोर उंच धरून म्हटलं होतं, "काम असं असावं. बघा जरा." त्या दिवसापासून मी पट्टीने रेघा मारायला लागले. तीन आठवड्यांनी मी नोकरीत कायम होणार होते. इतरांच्या वह्यांमधली ती पेन्सिलीची गिचमिड वर्तुळं मला बावळटपणाची वाटायला लागली होती. माझ्या वहीत एकही नव्हतं.

त्या आठवड्यात सर रजेवर गेले. भावाला इस्पितळात न्यावं लागलं होतं. नाक्यावरच्या नव्या बेकरीची पाटी त्याला मिळाली होती. हात स्थिर हवा म्हणून त्याने कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. रोज तोंडात धरायचा आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. पाटी झाली. दोन दिवसांनी तो पुन्हा शिडीवर चढला आणि उतरेना. अक्षरं आपल्याला काहीतरी सांगताहेत म्हणत होता. चार माणसांनी धरून उतरवला. सर मला नंतर हे सांगताना म्हणाले, "पण पाटी काय केली होती गं! एक रेघ हलली नव्हती." त्यांच्या आवाजात अभिमान होता. तेव्हा मला तो विचित्र वाटला होता.

सर नव्हते आणि सत्तेचाळीस नंबरच्या रेणूची पाळी आली. चाचणी साधी असते. एक इंजेक्शन दिलं की उंदीर पिंजऱ्याच्या जाळीवर चढतात, उतरायचं नाव घेत नाहीत. आधी औषध दिलेलं असलं तर उतरतात. किती उतरले ते लिहायचं. जुन्या औषधांचा डोस वाढवत नेला की एकूण एक उंदीर खाली येतो, आणि पुढे तर असा गोठतो की त्याचे पुढचे पाय उचलून दांडीवर ठेवले तरी तो काढत नाही. सत्तेचाळीसच्या छोट्या डोसला थोडेसेच उतरले. दुप्पट केला, निम्मे उतरले. चौपट केला, निम्मेच. आठपट केला, तरी निम्मेच. गोठला एकही नाही.

मी फ्लास्क उजेडात धरला. तळाशी किंचित गढूळ वाटलं. म्हटलं, झालं, भुकटी विरघळलीच नाही, म्हणून आकडे अडकलेत. डोस वाढला की आकडा वाढतो, वाढत नाही म्हणजे माझी चूक. वर्तुळ काढून 'विचारा' लिहायचं होतं. नुसत्या ओळी तशाच ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी शनिवार होता, वही संचालकांकडे जाणार होती, आणि तीन आठवड्यांत कायम होणाऱ्या मुलीला साधं द्रावण करता येत नाही असं मला दिसायला नको होतं. मी पट्टी ठेवली, लाल पेन घेतलं, खालच्या तिन्ही ओळी सरळ रेघेने खोडल्या आणि शेजारी सुंदर अक्षरात लिहिलं, 'द्रावण सदोष, रीडिंग रद्द'. उरली फक्त छोट्या डोसची ओळ. पुन्हा करून बघायला भुकटीही उरली नव्हती.

सोमवारी सर आले ते दाढी वाढलेले, तसेच मीटिंगला. संचालकांनी माझ्या तक्त्यातलं वाचलं, "सत्तेचाळीस, अल्प परिणाम," आणि चष्मा काढला. "सत्तेचाळीस झाले. आता पुरे." मेंदूचा विभाग बंद करायचं बहुधा आधीच ठरलं होतं, त्यांना निमित्त हवं होतं. सरांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बघितलं. "तुला काय दिसलं?"

"थोडाच परिणाम दिसला, सर."

हे खोटं नव्हतं. तेच तर वाईट आहे. सर मान हलवून उठले आणि जाता जाता पंखा तीनवर करून गेले.

चारपाच दिवसांनी आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो होतो. तिथला रेग्युलेटर बिघडला होता. उकडत होतं, कॅन्टीनवाला बटण फिरवत होता. तीन, चार, पाच. पंखा आपल्याच चालीने फिरत होता, ना जास्त ना कमी. वैतागून तो म्हणाला, "काय करू साहेब, कितीपण फिरवा, साला पुढेच जात नाय."

सर वर बघत राहिले. मग मला म्हणाले, "बघ. अगदी असा पाहिजे होता मला."

माझ्या हातात चहाचा ग्लास होता. दुप्पट केला, निम्मे. चौपट केला, निम्मेच. आठपट केला, निम्मेच. द्रावणात काहीही दोष नव्हता. सर वर्षानुवर्षं जे शोधत होते ते माझ्या समोर तीन ओळींत येऊन बसलं होतं आणि मी त्यावर पट्टी ठेवून रेघ मारली होती. सर समोर, दोन हातांवर बसलेले. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, "सर, इथे फार उकडतंय, जाऊया का?"

त्याच महिन्यात मी कायम झाले. आईने पुन्हा पेढे वाटले.

सरांनी सत्तेचाळीस पुन्हा बनवून मिळावा म्हणून अर्ज केला. कारण लिहिलं नाही, नुसतंच 'पुन्हा तपासावा'. नामंजूर झाला. पुन्हा केला, पुन्हा नामंजूर. सगळे म्हणाले म्हातारा हट्टाला पेटलाय, आणि माझ्यादेखत म्हणाले तेव्हा मीही मान डोलावली. पुढे त्यांना खोकल्याच्या औषधाचा गोडवा तपासायच्या खात्यात टाकलं. तिथेही त्यांनी पंखे तीनवर केले.

मला माहीत आहे, एका रेणूचं औषध होता होता दहा ठिकाणी घात होतो. तो यकृताला चालला नसता, नाहीतर माणसात चाललाच नसता. शंभरातले नव्याण्णव असेच जातात. ही सगळी वाक्यं मी स्वतःला इतकी ऐकवली आहेत की त्यांचा उपयोग संपला. तो गेलाच असता, पण मी त्याला जाऊ द्यायला नको होतं.

निवृत्तीच्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले. त्यांची पेन्सिल माझ्या वहीवर ठेवली. म्हणाले, "काही सांगायचंय का तुला?"

"नाही सर. तब्येतीला जपा."

"बरं," ते म्हणाले.

त्यानंतर दर दिवाळीला मी मरोळला फराळ घेऊन जायचे. अपराध असा डब्यातून पोचवता येतो असं मला वाटत असावं. सर स्वतः दार उघडायचे, गुडघे दुखत असले तरी. मला बसवायचे, पंखा तीनवर करायचे, डबा न उघडता बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "बोल. बाकी?" मी नवऱ्याचं सांगायचे, मुलीचं सांगायचे, लॅबमधल्या भानगडी सांगायचे. ते ऐकायचे. संपलं की पुन्हा, "आणखी?" मला वाटायचं, एकटा माणूस, गप्पा हव्या असतात. मग धाकटा चहा आणायचा. त्या घरात चहा कुणालाही अर्धा कपच मिळायचा, पाहुण्यालाही. भरलेला कप त्याच्या हातून दारापर्यंत पोचायचा नाही, आणि त्याला एकट्यालाच कमी वाटू नये म्हणून सर स्वतःही अर्धाच प्यायचे. बशीवर कपाची किणकिण ऐकू आली की मी खिडकीबाहेर बघायचे.

अशा सात दिवाळ्या झाल्या. मग सर गेले. त्यांच्या कबरीच्या क्रूसावरचं नाव धाकट्यानेच रंगवलं होतं. ती थरथरलेली अक्षरं मला धड वाचता आली नाहीत, लांबूनच हात जोडून आले. नंतर मरोळला गेले नाही.

खूप वर्षांनी, माझ्या निवृत्तीच्या आसपास, एका व्याख्यानाला गेले होते. परदेशातून नवीन औषध आलं होतं, आवाज ऐकू येणाऱ्यांसाठी. बोलणाऱ्या तरुण डॉक्टरने पडद्यावर आलेख दाखवला. रेघ वर चढत होती आणि मध्यावर पोचल्यावर आडवी होत होती. कितीही डोस द्या, आडवीच. तो म्हणाला, हीच तर याची गंमत आहे. ती रेघ मी लाल पेनाने खोडलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी मरोळला गेले. गावठाणाला आता चारी बाजूंनी काचेच्या इमारती, पण क्रूस तिथेच होता. धाकट्याने दार उघडलं. म्हातारा झाला होता, पण ओळखलं त्याने.

"या. फराळाच्या बाई ना तुम्ही?"

मी हातांकडे बघितलं. त्याला ते कळलं. "नवीन गोळी देतात आता," तो म्हणाला. "डोकं साफ राहतं, झोप येत नाही दिवसाची. हाताचं डॉक्टर म्हणतो, उशीर झाला. इतकी वर्षं जुनी खाल्ली ना, ते आता राहणार."

मग मी सांगितलं. बसायच्या आधीच, उभ्या उभ्या. शनिवार, फ्लास्क, पट्टी, लाल पेन, कॅन्टीन, सगळं. माझं संपल्यावर तो आत गेला आणि पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा हातात कार्बनचं पान होतं, घडीवर विरलेलं. माझं सुंदर अक्षर. तीन ओळींवरून गेलेली सरळ रेघ. ओळींभोवती पेन्सिलीचं वर्तुळ, आणि शेजारी 'विचारा' नव्हतं. सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सांगेल'.

"दर नाताळाला साफसफाई काढली की मी विचारायचो, हे टाकू का," धाकटा म्हणाला. "मोठा म्हणायचा, राहू दे. कोण सांगणार, काय सांगणार, मला कधी बोलला नाही."

"त्यांनी वरती का नाही दाखवलं? मला का नाही विचारलं?"

"तुमची नोकरी गेली असती ना." त्याने ते अगदी साधेपणाने सांगितलं. "आणि आता मला सांगून काय उपयोग, बाई? त्याला सांगायचं होतं."

मी पान घेतलं नाही. ते घ्यायचा मला हक्क नव्हता. त्याने त्याची पुन्हा घडी केली, घडी जुळायला बराच वेळ लागला, मी थांबले. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दिवाळी आली की सकाळपासून गॅलरीत बसायचा. तुम्ही वळणावर दिसलात की मला सांगायचा, तू उठू नको, दार मी उघडतो. दात नाही तोंडात एक, तरी एवढी वाट बघायचा." त्याने कागद पेटीत ठेवला. "मला वाटायचं, त्याला चकल्या आवडतात."